सोयरी

आमच्या गोमंतकात वकिली करणाऱ्याला ‘मुंडकार’ हा शब्द ओलांडून पुढे जाता येत नाही. भाटकाराच्या जमिनीत त्याच्या संमतीने घर करून राहिलेला माणूस म्हणजे मुंडकार. एके काळी भाटकाराच्या मर्जीवर त्याचे बिऱ्हाड अवलंबून असे. १९७५ साली मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा झाला आणि त्यांना मनाला येईल तेव्हा उठविण्याची सोय संपली. या कायद्याखालचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालतात, साक्षीपुराव्याचे कागद कपाटात मावेनासे होतात. तथापि सगळा पसारा बाजूला सारला म्हणजे प्रश्न पुष्कळदा एकच उरतो. हा माणूस या आवारात प्रथम आला तो कोणत्या नात्याने? भाडे देऊन आला असेल तर तो मुंडकार नव्हे. वेतनावर ठेवलेला चौकीदार म्हणून मालकाच्या आवारात राहत असेल तरीही नव्हे. नाते आधी ठरते. हक्क मागाहून येतो.

२०२४च्या माघात हाच प्रश्न आमच्या घरी उभा राहिला. पक्षकार मात्र चार पायांची होती, आणि त्या चारांपैकी एक पाय मोडलेला होता.

जत्रा संपून फेरी उठत होती. खाज्यांच्या एका दुकानाच्या फळ्या उचलल्या तेव्हा त्यांच्याखाली ती सापडली. अंगावर खरूज, मागचा डावा पाय लोंबता, पोट पाठीला लागलेले. दुधाचे पुढचे दात पडू लागले होते, त्यावरून पशुवैद्यांनी वय चार महिन्यांचे ठरविले. गाडीखाली येऊन पाय मोडला असावा. तिला उचलून आणण्यात मी काही मोठे केले असे मला वाटत नाही. जखमी पिल्लू समोर दिसल्यावर बहुतेकांचे हात पुढे होतात. हात पुढे करण्याला एक क्षण पुरतो. कठीण असते ते त्यानंतरचे सहा महिने.

कारण घर रिकामे नव्हते. सोप्याच्या पायरीवर मोती होता, बारा वर्षांचा, कानांनी जवळजवळ बहिरा. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला चंपी होती, पाच वर्षांची, तरतरीत आणि तितकीच तापट. मोतीला वेतन नसल्यामुळे कायद्याच्या भाषेत तो चौकीदारही नव्हे, असे माझे पती थट्टेने म्हणतात. पण ती पायरी त्याची आहे हे पोस्टमनपासून भटजींपर्यंत सर्वांना मान्य आहे. आणि या दोघांच्या वर सासूबाई होत्या. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. श्वानांनी राजांगणाचा उंबरठा ओलांडायचा नाही, आणि देवघर व स्वयंपाकघर यांच्या वाटेला तर मुळीच जायचे नाही, हा त्यांचा नियम. आमच्या देवस्थानांत महाजनांच्या यादीत नवे नाव चढणे किती दुर्घट असते हे वाचकांना सांगायला नको. आमच्या घरची यादी त्याहून कडक होती.

मी आधीच सांगून टाकले, की ही राहायला आलेली नाही. बरी होईपर्यंत ठेवायची आणि मग चांगले घर पाहून द्यायची. म्हणून तिला नाव ठेवायचे नाही असेही ठरले, कारण नाव ठेवले की माणूस गुंततो. सासूबाईंनी गोठ्याच्या दारातून तिच्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, “सोयरी न्हय ती? मागीर आदीं ताका कितें तरी खावंक दी.” झाले! नाव नको म्हणता म्हणता नाव पडले. आमच्या कोंकणीत ‘सोयरी’ म्हणजे पाहुणी. मराठीत तोच शब्द नातलगाला लावतात. दोन्ही भाषा ज्या घरात नांदतात त्या घरात एका शब्दाने दोन नाती उभी राहिली, आणि पुढचा सारा तंटा त्या दोन अर्थांमधलाच होता.

पहिले पंधरा दिवस ती जुन्या गोठ्यात एकटी राहिली. गाई गेल्यापासून तो रिकामाच होता. श्वानांना होणारे डिस्टेंपर आणि पार्व्हो हे दोन रोग मोठे घातक. बाहेरून आलेले पिल्लू वरून धडधाकट दिसले तरी रोग अंगात घेऊन आलेले असू शकते. पार्व्होचे विष तर मातीत महिनोन्‌महिने टिकते. तेव्हा गोठ्यात जाण्याच्या वहाणा वेगळ्या, साबण वेगळा, तिची थाळी वेगळी, मोती व चंपी यांच्या लशींची तारीख आधी तपासलेली, असा सारा बंदोबस्त. तो पाहून सासूबाई म्हणाल्या, “तुमचें सोंवळें आमच्यापरस कडक मगो!” मला त्यात विनोदापेक्षा सत्यच अधिक दिसले. नव्याला आत घेताना जुन्याचे रक्षण करणे हाही धर्मच, आणि तो आधीचा.

पाय पट्टीत होता तोवर पाच आठवडे गेले. त्या काळात मी आपल्या धंद्याच्या सवयीने विचार करीत होते की कायद्यात या नात्याला काय म्हणावे? मनूने व्यवहाराची अठरा पदे सांगितली आहेत. त्यांत ऋणादानाच्या पाठोपाठ दुसरे पद ‘निक्षेप’ हे येते. दुसऱ्याची वस्तू विश्वासाने आपल्याकडे राहते, ती जपायची आणि परत द्यायची. १८७२च्या करार कायद्याचे कलम ७१ हेच सांगते : दुसऱ्याची वस्तू सापडून जो ती ताब्यात घेतो त्याच्यावर निक्षेप सांभाळणाऱ्याची जबाबदारी येते. आणि कलम १५१ म्हणते की शहाणा माणूस आपल्या स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी त्याने घ्यावी. मग १९६०चा प्राण्यांवरील क्रौर्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे, ज्याच्यामागे राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी चिकाटीने केलेला उद्योग होता. ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याच्या सुखाची वाजवी तजवीज केलीच पाहिजे, आणि सबळ कारणावाचून त्याला उपासमारीच्या वाटेवर सोडून देणे हा गुन्हा आहे, असे तो कायदा बजावतो. म्हणजे आत घेणे ऐच्छिक, पण घेतल्यावर टाकून देणे ऐच्छिक नाही.

हे सारे माझ्या बाजूचे झाले. या व्यवहारात आणखी दोन पक्ष होते आणि त्यांना कोणी विचारलेच नव्हते. दया मी करणार. पण जागा द्यायची होती ती मोतीने आणि चंपीने. अंगण त्यांचे, दुपारची सावली त्यांची, आमच्या हाताचा स्पर्श त्यांचा. घरातला कर्ता औदार्य दाखवितो तेव्हा त्याचा खर्च पुष्कळदा दुसऱ्याच्याच खात्यावर पडतो. पाहुणा चार दिवस राहणार असे पुरुषमंडळी ओसरीवर जाहीर करतात आणि चुलीपाशी कोणाची तरी कंबर वाकते. हे आपल्या घराघरांत ठाऊक असलेले सत्य आहे. ते श्वानांच्या बाबतीतही खरे निघाले.

म्हणून त्यांची संमती त्यांच्या रीतीने घ्यायचे ठरले. श्वानाचा पहिला परिचय नाकाने होतो. सोयरी ज्या गोणपाटावर निजे ते सोप्यावर आणून ठेवले आणि मोतीचे जुने कांबळे गोठ्यात नेले. मोतीने हुंगून शिंक दिली आणि पाठ फिरविली. चंपी मात्र त्या गोणपाटाभोवती दोन दिवस फिरत राहिली. मग भेट झाली ती अंगणात नव्हे, तर कुळागराच्या वाटेवर, जिथे कोणाचीच मालकी नाही. दोघींना दोऱ्या बांधून, दहा-बारा हातांचे अंतर ठेवून, एकाच दिशेने चालविले. समोरासमोर उभे केले की श्वान त्याला आव्हान समजतो; बरोबर चालविले की सोबत समजतो. अंतर रोज थोडेथोडे कमी केले. थाळ्या तीन, जागा तीन, वेळा ठरलेल्या. पूर्वी लोक म्हणत की श्वानांच्या कळपात एक राजा असतो आणि बाकीच्यांना दाबात ठेवावे लागते. आजचे अभ्यासक घरच्या श्वानांविषयी ही कल्पना मानीत नाहीत. कोण मोठा यापेक्षा आपले जे आहे ते उद्याही आपलेच राहील की नाही, याची त्यांना चिंता असते. अनुभवाने मला ते पटले. मनुष्यांच्या वाटणीच्या दाव्यांतही खरी आग बहुधा तिथेच असते.

एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. चंपी गुरगुरली की शेजारपाजारचे लोक म्हणत, “तिला एक फटका द्या, म्हणजे गप्प बसेल.” मी त्यांना सांगे की गुरगुरणे ही नोटीस आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे सरकारवर दावा लावण्यापूर्वी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, ती तंटा वाढविण्यासाठी नसून टाळण्यासाठी असते. श्वान आधी मान वळवितो, ओठ चाटतो, अंग ताठ करतो, मग गुरगुरतो. चावणे हे अखेरचे. जो गुरगुरण्याबद्दल शिक्षा करतो तो चावणे बंद करीत नाही, केवळ नोटीस बंद करतो. पुढचा दावा मग एकदम दारात येतो.

वैशाखात एका रात्री वळीव कोसळला. गडगडाटाने माड हादरत होते. सोयरीचा पाय तोवर जुळला होता, चालताना ती किंचित लंगडे इतकेच. ती गोठ्यातून निसटली आणि भिजत, थरथरत, सोप्याच्या पायरीपाशी येऊन थांबली. वर चढण्याचा तिला धीर होईना. मोतीला गडगडाट ऐकू येत नव्हता. पण वाऱ्यावर वास आला असावा. त्याने मान उचलली, तिच्याकडे पाहिले आणि उठून, हाडे मोडत, वीतभर बाजूला सरकून पुन्हा निजला. सोयरी त्या वीतभर जागेत अंगाची मुटकुळी करून बसली. आम्ही दारातून पाहत होतो. कोणी काही बोलले नाही. त्या वीतभर जागेची नोंद कोणत्याही एक-चौदाच्या उताऱ्यात होणार नाही. पण तिच्या आयुष्यातला पहिला हक्क त्या रात्री निर्माण झाला, आणि तो देणारा मोती होता.

महाभारताच्या आरंभीच एका श्वानाचा दावा आहे, याची या संदर्भात आठवण होते. जनमेजय भावांसह कुरुक्षेत्रात दीर्घ सत्र करीत असता सरमेचा पुत्र तिथे आला. भावांनी त्याला झोडपले. रडत आलेल्या मुलाला सरमेने विचारले, तुझ्या हातून काही अपराध घडला असेल. तो म्हणाला, मी हविर्द्रव्याकडे पाहिलेदेखील नाही, मग चाटणे दूरच. सरमा यज्ञमंडपात गेली आणि तिने एवढेच विचारले, की याने काही केले नसता याला का मारले? त्यांनी उत्तर दिले नाही. तेव्हा तिने शाप दिला की तुम्हांवर न दिसणारे भय येईल, आणि जनमेजयाला त्या शापाच्या निवारणासाठी पुरोहित शोधीत फिरावे लागले. स्वर्गाच्या वाटेवर युधिष्ठिराने श्वानाला सोडले नाही, ही महाप्रस्थानाची कथा सर्वांना पाठ आहे. परंतु मला वकील म्हणून सरमेची कथा अधिक बोचते. तिने दया मागितली नव्हती. तिने उत्तर मागितले होते.

आज रस्त्यावरच्या श्वानांविषयी देशात जो वाद माजला आहे त्यातही उत्तर सर्वांना द्यायचे आहे. ज्या मुलाला शाळेच्या वाटेवर कुत्रा चावतो त्यालाही. रेबीज झाल्यावर जवळजवळ इलाज नाही. चावा बसताच जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लस घेणे हाच तरणोपाय. गोव्यात वर्षानुवर्षे श्वानांना सामुदायिक लस टोचण्याचे काम चिकाटीने झाले आणि २०२१ साली राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले, यावरून करायचे ठरविले तर काय साधते ते दिसते. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली व आसपासचे रस्त्यावरचे श्वान उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला; २२ ऑगस्ट रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलून, पिसाळलेले व आक्रमक सोडता बाकीच्यांना नसबंदी व लस करून मूळ जागी सोडावे असे सांगितले; आणि ७ नोव्हेंबर रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांसारख्या ठिकाणांहून त्यांना हलवावे व तिथे परत सोडू नये असे फर्मावले. तीन महिन्यांत तीन आदेश, आणि तिन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच : याची जागा कोणती? २०२३च्या प्राणी-प्रजनन नियंत्रण नियमांत नसबंदी झालेल्या श्वानाला जिथून उचलला तिथेच सोडण्याचा दंडक आहे. तो वाचताना मला मुंडकाराच्या कायद्याची सावली त्यात दिसली. मात्र जागा ज्यांच्यात द्यायची त्यांना निर्धास्त केल्यावाचून दिलेली जागा टिकत नाही, हे मी आमच्या अंगणात पाहिले होते.

चंपीने ते दाखवून दिले. आषाढात सोयरी वयात येऊ लागली आणि तह मोडला. एका घरातल्या दोन माद्यांचे वैर बहुधा नरांच्या भांडणाहून चिवट असते, असे पशुवैद्यांनी आधीच सांगितले होते. एका दुपारी चंपीचा कान फाटला. टाके पडले, सोयरीची नसबंदी झाली, दोघी पुन्हा दोन टोकांना गेल्या. रक्त पुन्हा सांडले नाही. पण चंपीचे खाणे तुटले. ती गेटापाशी, सर्वांकडे पाठ करून बसू लागली.

त्याच सुमारास डिचोलीकडच्या एका निवृत्त शिक्षिकेचे विचारणे आले. एकट्याच राहत, आवार मोठे, घरात दुसरा श्वान नाही. सारे जुळत होते. पण घरात वाद पेटला, आणि आश्चर्य असे की ठेवून घेण्याच्या बाजूने सर्वांत ठाम सासूबाई उभ्या राहिल्या. राजांगणाचा उंबरठा जिने कधी ओलांडला नाही, अशी सोयरी त्यांच्या जपाच्या वेळी त्या उंबरठ्यावर हनुवटी टेकून बसत असे. मी म्हटले की ती पाहुणी म्हणूनच आली होती. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “आमचो देवूय हांगा सोयरो जावनच आयिल्लो न्हय गो?”

अंत्रूज महालात राहणाऱ्याला या वाक्यापुढे गप्प व्हावेच लागते. १५६० साली कुशस्थळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळात आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास. जीव मुठीत धरून आलेल्या भक्तांना आणि त्यांच्या देवांना इथल्या गावांनी जागा दिली. सोयरे म्हणून आलेले इथलेच झाले. तुलना देवाची आणि श्वानाची नव्हे, आश्रयाची आहे. आणि आपली पालखी ज्या भूमीवर फिरते ती कोणीतरी सरकून दिलेली आहे, हे विसरण्याचा अधिकार आपल्याला नाही.

दोन दिवस मी या युक्तिवादाचे उत्तर शोधीत होते. मग मला वाटले की त्याचे उत्तर त्याच्यातच आहे. ज्या गावांनी जागा दिली ती त्यांच्याच हातची होती. त्यांनी तिसऱ्या कोणाची जागा उचलून दिली नाही. सोयरीला आम्ही ठेवले असते तर दान आमच्या नावावर लागले असते आणि ते फेडले असते चंपीने, गेटापाशी पाठ करून. सोयरीवरचे प्रेम खरे होते. पण निक्षेपावर प्रेम जडले म्हणून तो आपला होत नाही. मी सासूबाईंना तर्क सांगितला नाही. त्यांना घेऊन गेटापाशी गेले आणि चंपीची थाळी दाखविली. सकाळचा भात तसाच होता, त्यावर मुंग्या चढल्या होत्या. त्या वाकल्या, थाळी उचलली आणि म्हणाल्या, “बरें, धाड ताका.”

चतुर्थी आटोपल्यावर शिक्षिकाबाई तीन वेळा येऊन सोयरीबरोबर बसून गेल्या, आणि चौथ्या खेपेला तिला घेऊन गेल्या. सासूबाईंनी तिची ओटी तेवढी भरली नाही; बाकी लेक सासरी पाठविण्याची सारी तयारी केली. तिचे गोणपाट न धुता बरोबर दिले, वास ओळखीचा राहावा म्हणून. मोती पायरीवरून उठला नाही. चंपीने त्या संध्याकाळी गोठ्याभोवती दोन फेऱ्या घातल्या, आत डोकावून पाहिले आणि मग येऊन आपली थाळी स्वच्छ केली. त्यात मी काही अर्थ भरू इच्छीत नाही; तिला भूक लागली होती.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात मोती गेला. त्याची पायरी आता चंपीने घेतली आहे. गोठा आम्ही झाडून, चुना लावून ठेवतो. वेगळ्या वहाणा दाराशीच आहेत. गेल्या कार्तिकात अग्रशाळेमागे महाप्रसादाच्या पत्रावळी हुंगणारे एक पिल्लू कोणीतरी आणून दिले, ते तीन महिने राहून सावर्ड्याला गेले. त्यालाही सासूबाईंनी नाव ठेवले नाही. नुसते सोयरो म्हटले. चंपीने त्याला पहिल्याच दिवशी रीतसर नोटीस दिली आणि त्याने ती विनातक्रार स्वीकारली.